सहभागी ब

कमळाबाईंनी परळच्या एका इस्पितळात आया म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर मोबाइलवर चाळ चालवायला घेतली. खरी चाळ पुनर्विकासात पाडली गेली होती. बायका भाड्याच्या घरांत पांगल्या, कुणी वरळीला, कुणी शीवला. मग बाईंनी ‘गॅलरी’ नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. टाइप करायचा सगळ्यांनाच कंटाळा, त्यामुळे कारभार सगळा आवाजी. दुपारची जेवणं झाली की मोबाइल ओठांशी धरून गुडघे, सुना आणि नवरे, अशा चढत्या क्रमानं गाऱ्हाणी सुरू व्हायची.

खऱ्या गॅलरीचा कायदा इथंही लागू होता. पातळ भिंतीपलीकडचं भांडण सगळ्यांना ऐकू जायचं, पण सकाळी नळावर कुणालाच काही ऐकू आलेलं नसायचं. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. चाळीत वाढलेल्याला ते येतंच, असं कमळाबाई धरून चालल्या.

म्हणून चाळीतल्या शेजारच्या कोंडीरामची नम्रता जेव्हा म्हणाली, “मावशी, मलापण घ्या ना ग्रुपात, एम.ए.च्या अभ्यासाला उपयोग होईल,” तेव्हा बाईंनी लगेच सांगून टाकलं, “आपलीच पोरगी आहे.” बायकांनी धडाधड अंगठे पाठवले. तिच्या विषयाचं नाव ‘संज्ञापन तंत्रज्ञान आणि संस्कृती’. ते पाठ होईपर्यंत आणखी काही विचारायचं राहूनच गेलं.

वर्षाअखेरीस नम्रतानं कॉलेजात अभ्यास मांडला. कमळाबाईंना खास आमंत्रण, पहिल्या रांगेत खुर्ची. जे कळत नव्हतं तिथं त्या मान डोलवत होत्या. शेजारचे प्राध्यापकही तेच करत असावेत. एवढ्यात स्पीकरमधून ग्रुपातल्या लतिकाचा आवाज आला.

“सून घरूनच ऑफिस करते ग. खोली एकच. तिची मिटिंग लागली की मी जिन्यात जाऊन बसते. कॅमेऱ्यात माझं ध्यान दिसलं तर कंपनी बुडायची.”

हॉल खळखळून हसला. ग्रुपात हे ऐकून कमळाबाईही हसल्या होत्या. पण पुढचं वाक्यही वाजलं. “मुलाला कळू देऊ नका कुणी. त्याला वाटतं, मी फिरायला जाते.”

चहाच्या वेळी बाईंनी नम्रताला कोपऱ्यात गाठलं.

“लतिकाला विचारलंस?”

“नाव बदललंय ना, मावशी. ती ‘सहभागी ब’ आहे.”

“आणि आवाज? तोपण बदलायचास की.”

“आवाज हाच तर विषय आहे. सरांना तेवढंच तर आवडलं.” मग जरा चिडून, “तुम्हीच बोललात ना, आपलीच पोरगी. सगळ्यांचे अंगठे आहेत माझ्याकडे. संमती म्हणून जोडलेत मी.”

“अगं, ते तुला घरात घ्यायला होते.”

नम्रताला कुणीतरी फोटोसाठी हाक मारली. ती “आले हां, मावशी” म्हणून गेली. हातातल्या बशीतला सामोसा कमळाबाईंनी तसाच टेबलावर ठेवला आणि तडक शीव गाठलं. लतिकाला हे दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं.

लतिका दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसली होती, मांडीवर निवडायची मेथी. कमळाबाईंनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. हसलेल्या हॉलसकट.

लतिका मेथी निवडत राहिली. “तू होतीस तिथं?”

“पहिल्या रांगेत.”

“ते शेवटचंपण लावलं?”

“लावलं.”

“तिचं लहानपणी मी डोकं विंचरलंय,” लतिका म्हणाली. मग सरकून तिनं पायरीवर जागा केली. कमळाबाई बसायला वाकल्या, तशी तिनं त्यांच्या हाताकडं बोट केलं.

“तो मोबाइल आधी पिशवीत टाक.”

कमळाबाईंनी टाकला. चेनही लावली. सुनेची मिटिंग संपून वर दार उघडेपर्यंत लतिका त्यांच्याशी भाजीच्या भावाबद्दल बोलत राहिली.