फार शांत झालेली गाडी

"आधी गाडीला बोलू द्या, मग मी बोलतो," असं मामा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. मामा म्हणजे आमच्या रस्त्याच्या टोकाला गाड्यांच्या सीट आणि गालिचे शिवणारे कुशनवाले. सख्खा भाचा त्यांना एकही नव्हता, पण अख्खा रस्ता त्यांना मामाच म्हणे. गाडी आली की ते चपला बाहेर काढत, आत बसत, इंजिन सुरू करायला सांगत आणि अनवाणी पाय खाली टेकवून डोळे मिटत. गिऱ्हाईक घड्याळाकडे बघू लागे. मग शिलाईयंत्रावरून मामी म्हणत, "झोपले नाहीत ते, काम चालू आहे."

एका मंगळवारी शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका बाई जुनी निळी गाडी घेऊन आल्या. चालवायला त्यांचे यजमान. गाडी त्यांच्या संसाराएवढीच जुनी होती. यजमानांच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालेलं. आवाज उरला होता तो दोऱ्याएवढा, आणि तो ताणायचा नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. घरात बाईंना त्यांचं सगळं ऐकू येई. गाडीत मात्र पत्रा असा खडखडे की दोघं फिरायला निघत आणि मुक्यानेच परत येत. त्यात बाईंच्या पायांखालून सायलेन्सरचा पाइप गेलेला. पाय भाजत म्हणून खिडक्या उघडायच्या, की राहिलेलं बोलणं वाऱ्यावर.

बाईंनी स्पष्टच सांगितलं. रविवारी गाडी विकत घ्यायला माणूस येणार होता. तोवर गाडीत यांचं बोलणं ऐकू आलं तर गाडी राहील, नाही तर जाईल. यजमान स्टिअरिंगवर नसलेली धूळ बोटाने पुसत राहिले.

मामांनी सीट काढल्या, गालिचा काढला. खालचं जुनं फेल्ट, दाबलेल्या लोकरीचं अस्तर, ओल्या पावासारखं हातात तुटून आलं. गंज खरवडला, रंगाचा हात दिला आणि वाळल्यावर ते गुडघ्यांवर बसून बोटाच्या पेराने पत्रा वाजवत फिरले. जिथे पत्रा टणटण वाजे तिथे खडूची फुली, जिथे ठप्प वाजे तिथे काही नाही. फुलीवर डांबरी शीट गरम करून चिकटवायची आणि लाकडी रूळ फिरवत राहायचं, पत्र्याचा आवाज बसेपर्यंत. सीटच्या बोल्टांची भोकं बुजू नयेत म्हणून प्रत्येकात एकेक काडी उभी. त्यावर उष्णता अडवायला चंदेरी थर, त्यावर जाड फेल्ट, सगळ्यात वर मामींनी नव्याने कडा शिवलेला गालिचा.

काम उत्तम झालं. इतकं उत्तम की मामांना राहवेना. चालकाच्या पायाशी त्यांनी हौसेने फेल्टचा दुसरा थर घातला.

शनिवारी सकाळी चक्कर मारायला सगळे निघाले. मामा मागे. गाडी दाट गवतातून चालावी तशी निघाली. बाई सुखावून पाय पुढे ताणून बसल्या. आणि पहिल्याच वळणावर गियर कर्रकन ओरडला. पुढच्या चढावर गाडी बंदच पडली. सुरू केली, पुन्हा बंद. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. यजमानांनी गियरवरचा हात काढून घेतला.

"मला ती ऐकूच येत नाही," ते म्हणाले. "ही माझी गाडी नाही."

बाईंना शब्द न् शब्द ऐकू आला. हवं होतं ते मिळालं होतं, पण असं मिळायला नको होतं. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या की मग उद्या येऊ दे त्या माणसाला.

मागे बसलेल्या मामांच्या आता लक्षात आलं: यजमान इतकी वर्षं कानाने गियर बदलत आले होते. मामांनी गाडीचं ऐकलं, बाईंचं ऐकलं. चालवणाऱ्याला मात्र काही विचारलंच नव्हतं.

दुकानात परत आल्यावर मामांनी सुरी उचलली. आपलं काम आपण उचकटायचं म्हणजे त्यांना दात उपटून घेतल्यासारखं. मामींनी यंत्र थांबवलं. "काढा की. इतकी वर्षं मी तेच सांगतेय, थोडं दुसऱ्याचंही कानावर पडू द्यावं माणसाने."

"तुझं पडतंच," मामा म्हणाले, आणि चालकाच्या पायाजवळचं फेल्ट दोन्ही थरांसकट कापून काढलं. चंदेरी थर राहू दिला. बाईंच्या बाजूला हात लावला नाही. मग यजमानांना म्हणाले, "आता तुम्ही सांगा. पुरे, की अजून काढू?"

यजमानांनी इंजिन सुरू केलं, कान कलता केला आणि बोटांनी दाखवलं: अजून थोडं. मामांनी गियरच्या उंचवट्यावरची तळहाताएवढी पट्टी काढली. यजमानांनी मान डोलावली.

पुन्हा चक्कर निघाली; मामा मागेच, लागलं तर परत बसवायला कापलेलं फेल्ट मांडीवर घेऊन. या वेळी चढ आला तेव्हा इंजिनचा आवाज चालकाच्या पायाशी घुमला. गियर लोण्यासारखा पडला. वर पोहोचल्यावर यजमान समोर बघतच म्हणाले, "अगं, त्या माणसाला फोन कर. येऊ नको म्हणावं."

"ऐकलं," बाई म्हणाल्या. "आता पुढे बघून चालवा."

मामांनी तिथेच गाडी थांबवायला लावली. घरी सोडतो म्हटलं तरी ऐकेनात. उतारच आहे, चालत जातो म्हणाले. कापलेल्या फेल्टची गुंडाळी काखेत धरून ते कडेकडेने उतरू लागले. बाई आरशातून बघत होत्या. यजमान हळू आवाजात काहीतरी सांगत होते, आणि त्या न वळता हुंकार देत, मामा कोपऱ्यावर दिसेनासे होईपर्यंत बघत राहिल्या.