टाकी चढणारी गुंजन

वडनेरला डोंगर नाही. चढण म्हणून गावात एकच गोष्ट आहे, ती पाण्याची टाकी. गुंजन रोज सकाळी पाठीवर वीस किलो वांगी बांधून तिच्या पायऱ्या दहा वेळा चढायची. मग तीच वांगी आईबरोबर बाजारात नेऊन विकायची.

"काऊन वं गुंजे, वरत्या माळ्यावर गिऱ्हाईक हाये काय?" खालून तिचा वर्गमित्र भूपेंद्र ओरडायचा.

"तू ये ना घ्याले! अर्ध्यातच धाप लागीन तुले."

ती आमच्या महाविद्यालयाची विद्यार्थिनी, एनसीसीतली. मी तिथे मुख्य लिपिक. जानेवारीत निवृत्त होणार. उत्तराखंडातल्या एका ट्रेकिंग संस्थेने तिला एका हंगामासाठी चाचणीवर बोलावलं होतं. पावणेपाच हजार मीटरची खिंड पर्यटकांबरोबर ओलांडली, की तिथेच सहायक मार्गदर्शकाची नोकरी. तिला त्याशिवाय दुसरं काही नको होतं.

फॉर्म मी भरला. मी कॉमर्सचा माणूस, रकाना रिकामा सोडत नाही. आजाराच्या रकान्याशी आलो तेव्हा तिची आई चतुराबाई समोरच बसली होती.

"घरात कुणाला रक्ताचा वगैरे काही त्रास?"

"नाई बाप्पा. ठणठणीत हाये पोरगी." तिने पदर सावरला आणि मेथीची जुडी माझ्या टेबलावर ठेवली. मी 'नाही' लिहिलं. संपर्कासाठी माझाच नंबर टाकला, कारण चतुराबाईचा फोन बहुतेक बंदच असतो.

गुंजन गेल्यावर अकराव्या दिवशी दुपारी ऑफिसात फोन आला. खिंडीच्या अलीकडे गुंजनच्या डाव्या बरगडीखाली भयंकर कळ उठली होती. तिला स्ट्रेचरवरून खाली आणलं होतं. फोनवर डॉक्टर होते. मुलगी कुठल्या जिल्ह्यातली, हे त्यांनी आधी विचारलं. मी वर्धा म्हटलं.

"सिकलसेलची तपासणी झाली होती का हिची? तुमच्या भागात रक्ताचा हा आनुवंशिक आजार बराच आढळतो."

मी तसाच वडनेरला गेलो. चतुराबाईने देव्हाऱ्यातल्या फोटोमागून एक कार्ड काढलं. शाळेतल्या तपासणीचं, गुंजन पाचवीत असतानाचं. वाहक. म्हणजे आजार नाही, फक्त रक्तात त्याचा अंश. गावात राहिलं तर जन्मभर काही जाणवत नाही. पण इतक्या उंचीवर, विरळ हवेत, तेच रक्त डाव्या बरगडीखालच्या प्लीहेत अडकतं.

"माह्या बहिणीचं लगन असल्याच कार्डापायी मोडलं होतं, साहेब. म्हून लपवलं. पोरीलेबी सांगतलं नाई. मले काय मालूम, पहाडावर रक्त लागते म्हून?"

मला तिच्यावर रागावता आलं नाही. तपासणीचा कागद मागायचं मलाही सुचलं नव्हतं. माझ्या अक्षरातला 'नाही' तिकडे फाईलमध्ये होता.

गुंजन वाचली. प्लीहा काढावी लागली. संस्थेने चांगल्या शब्दांत कळवलं, की यापुढे तिला उंचीवर नेता येणार नाही.

आता पाहुणे बघायला आले, की चतुराबाई चहाच्या आधी ते कार्ड समोर ठेवते. आजवर दोन घरं आली. दोघांनी चहा अर्धा ठेवला.

परवा बाजारात गुंजनकडून वांगी घेतली. डोंगरावर नेलेली तिची पाठपिशवी शेजारी होती, आत कांदे. मी माफीसारखं काहीतरी पुटपुटलो.

"तुमचं काय चुकलं, सर? आईचंबी नाई." ती तराजूकडे बघत म्हणाली. "मले मालूम असतं ना, तर खालच्या पहाडातलं काम मागतलं असतं मी. कुठं थांबाचं ते ठरवलं असतं. आता घेत नाई कोणी."

चतुराबाई शेजारी मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"टाकी चढतेस की नाही?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं. पूर्वी ती सांगायची, वरून हायवेचे ट्रक दिसतात, पार लांबपर्यंत.

"नाई," ती म्हणाली. "काय हाये तिथं वर?"

आणि माझ्या मागच्या गिऱ्हाइकाकडे वळली.