वडिलांच्या हेडफोनबाबत लेखी घेतलेला सल्ला

अर्जदार: प्रस्तुत लेखक, वय पन्नाशीच्या पुढे, शिक्षण नववीपर्यंत, धंदा कचेरीच्या आवारात टेबल टाकून लोकांचे अर्ज, तक्रारी व प्रतिज्ञापत्रे लिहून देणे, राहणार कोल्हापूर. ज्यांच्याबाबत हा अर्ज आहे ते: अर्जदाराचे वडील, साखर कारखान्यातून निवृत्त. साक्षीदार तीन: अर्जदाराची पत्नी, शाहूपुरीतील एक दुकानदार आणि रेडिओ दुरुस्त करणारे एक मिस्त्री. नावे मुद्दाम दिलेली नाहीत, कारण माणसे हयात असून रस्त्यात भेटतात. काळ: नव्वदच्या दशकाची अखेर. नेमकी तारीख आठवत नाही, आणि जी तारीख आठवत नाही ती मी कागदावर घालीत नाही. घालणारे पुष्कळ आहेत, ते मी जवळून पाहिलेले आहेत.

प्रकरणाची सुरुवात माझ्याच टेबलावर झाली. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे एक गृहस्थ फौंड्रीत रात्रपाळी करीत आणि दिवसा झोपत. ते एके सकाळी लाल डोळ्यांनी माझ्यासमोर येऊन बसले.

"अर्ज लिवायचा हाय."

मी कोरा कागद ओढला. "कोणाविरुद्ध?"

"शेजाऱ्याविरुद्ध. रेडिओ लई मोठ्यानं लावतोय."

"शेजाऱ्याचं नाव?"

"तुमीच की."

मी पेन खाली ठेवले नाही. समोर बसलेला पक्षकार कोणीही असो, त्याचे म्हणणे पुरते लिहून घ्यावे, हा माझा नियम आहे. "त्रास केव्हापासून आहे?" असे मी विचारले.

"तुमचं वडील ऱ्हायला आल्यापास्नं. दुपारी दोनला त्यो कानडी कारेक्रम लागला की माझ्या उशाशी बसून कोणतरी भांडतंय असं वाटतंय. कानडी येत असतं तर निदान भांडाण तरी कळलं असतं."

मी स्वतःविरुद्धची तक्रार मुद्देसूद लिहून दिली. त्यांनी ती दोनदा वाचली, समाधानाने घडी घातली आणि म्हणाले, "आठ दिस खिशात ठिवतो. शेजार हाय म्हणून. मग देतो पोलिसात."

येथे खुलासा करणे आवश्यक आहे. माझी आई सीमेपलीकडच्या कानडी मुलखातली होती. घरात ती आणि वडील एकमेकांशी कानडीत बोलत. ती गेल्यावर वडिलांशी कानडी बोलणारे कोल्हापुरात कोणी राहिले नाही. मला समजते, परंतु बोलता येत नाही. दुपारचा तो अर्धा तास एवढीच त्यांची कानडी शिल्लक होती, आणि कारखान्याच्या आवाजाने त्यांचे कान अधू झालेले असल्याने रेडिओ कमी करून चालत नसे. तक्रारीची हकीकत मी त्यांना सांगितली, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मग मी कुरुंदवाडला जातो लेकीकडं. तिचं घर सुटं हाय." ते एकदा गेले असते तर परत आले नसते, हे मला कळत होते. थोरल्या मुलाच्या घरून बाप उठून मुलीकडे राहायला गेला, हे आवारात सर्वांना कळायला दोन दिवस पुरले असते. त्यावर उपाय एकच दिसत होता, तो म्हणजे हेडफोन.

हेडफोनमधले मला काही कळत नव्हते. परंतु ज्या विषयात कळत नाही त्यात सल्ला कसा घ्यावा, हे मला कळते असा माझा समज होता. सल्ला देणाऱ्याला प्रथम मनात एकच प्रश्न विचारावा: यात तुझे काय?

शाहूपुरीतील दुकानदाराने एक काळा, जाड गाद्यांचा नग काढला आणि सांगितले, "ह्योच घ्या. आवाज असा भरून येतोय की बास." दुकानदार तसे म्हणणारच. म्हणून मी मंडपाला लाऊडस्पीकर भाड्याने देणाऱ्या एका परिचिताला गाठले. त्याने तोच नग सांगितला आणि तोही म्हणाला, "आवाज असा भरून येतोय की बास." दोन स्वतंत्र साक्षीदार एकच वाक्य बोलू लागले, की समजावे ते स्वतंत्र नाहीत. मी चहाच्या गाडीवर चौकशी केली. ते दोघे एकमेकांचे साडू निघाले.

तिसरे, रेडिओ दुरुस्त करणारे मिस्त्री. त्यांच्या वडिलांपासूनचा तो धंदा होता. जिन्याखालच्या खोलीत पोट उघडलेले रेडिओ मांडलेले असत, आणि भिंतीला जुने चार-पाच हेडफोन टांगलेले होते. ते टांगलेले हेडफोन पाहूनच मी सावध झालो.

"कुणासाठी पायजे?" त्यांनी विचारले.

"वडिलांसाठी. कोणता चांगला, तेवढे सांगा."

"चांगला कुठल्या कानाला, पावणं? त्यांस्नी आणा की हितं."

"त्यांना कशाला त्रास? तुम्ही सांगा, मी घेतो."

"कान बघितल्याबिगर काय सांगू?"

मी खिशातून कागद काढला. मसुदा मी आधीच करून नेला होता. कोणता हेडफोन योग्य, एवढे भरून सही करावी, अशी विनंती केली. त्यांनी रेडिओच्या तारेला डाग देण्याचे हातातले काम थांबवले नाही. "म्या न्हाई सही करत असल्यावर," ते म्हणाले. "ऐकायचं त्यांनी, लिवून म्या द्यायचं, ह्यो कुठला न्याय?"

माझा इतक्या वर्षांचा अनुभव असा, की जो सहीला मागे सरतो त्याच्या मनात काहीतरी असते. वडिलांना तेथे नेले की भिंतीवरचा एखादा जुना नग त्यांच्या गळ्यात पडणार, असा निष्कर्ष मी काढला आणि निघालो.

दुकानदार मात्र सहीला एका पायावर तयार झाला. त्याने हेडफोन दुकानातील टेपरेकॉर्डरला जोडून माझ्या डोक्यावर चढवला. दोन्ही कानांत ढोलकी घुमली. मग मी लिहिले आणि त्याने सही केली: "मी लिहून देतो की, सदर हेडफोन वाजवून दाखवला असून त्यातून दोन्ही कानांस स्पष्ट आवाज येतो." कागद न वाचता त्याने दुकानाचा शिक्काही मारला आणि म्हणाला, "आणि एक करू काय सही? घरच्यांस्नी दाखवाय हुईल."

घरी आल्यावर मी सर्व रीतसर केले. हेडफोनवर इंग्रजी अक्षरे होती, ती वडिलांना वाचता येत नव्हती. म्हणून मी पांढऱ्या कागदाच्या पट्ट्यांवर सुवाच्य अक्षरात 'डावा' आणि 'उजवा' असे लिहून त्या दोन्ही बाजूंना चिकटवल्या. वडिलांना बजावले की, उलटा घालायचा नाही. रेडिओ लावून दिला.

"येतंय का ऐकू, आबा?"

त्यांनी गाद्या दोन्ही हातांनी कानांवर दाबल्या. "येतंय की."

घर शांत झाले. शेजारी झोपू लागले. मी कचेरीत तो सही-शिक्क्याचा कागद चारचौघांना दाखवला आणि अनोळखी विषयात सल्ला कसा घ्यावा, ते समजावून सांगितले. दोन वकिलांनीही तो हातात घेऊन पाहिला.

साधारण पंधरवड्याने पत्नीने विचारले, "अहो, रेडिओचं सेल कवा आणलं होतं?"

"का?"

"आधी आठवड्याला जोडी लागायची. आता संपंनातच."

हेडफोनला सेल कमी लागतात, असे मी सांगितले. हे मला कोणी सांगितले नव्हते, परंतु तसे असावे.

"लागत असतील कमी," ती भांडी पुसत म्हणाली. "पन आज मी बघितलं. बटनच फिरवलं नव्हतं. मामंजी नुसतं घालून बसल्यात."

दुसऱ्या दिवशी मी दुपारी घरी आलो आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभा राहिलो. दोन वाजता वडिलांनी रेडिओ मांडीवर घेतला. पट्ट्या वाचून हेडफोन बरोबर बाजूंनी घातला. रेडिओ सुरू केला नाही. अर्धा तास समोरच्या भिंतीकडे पाहत बसले, मग हेडफोन काढला, वायर नीट गुंडाळली आणि सर्व कोनाड्यात ठेवले.

कान पाहिल्याशिवाय सांगणार नाही, असे म्हणणारा माणूस एकच होता. वडील, रेडिओ, हेडफोन आणि सहीचा कागद घेऊन मी मिस्त्रींकडे गेलो. कागद मी प्रथम पुढे केला. त्यांनी तो पाहिलाही नाही. वडिलांना स्टुलावर बसवले.

"कारखान्यात कशावर हुतासा, बाबा?" त्यांनी वडिलांच्या उजव्या बाजूला जाऊन मोठ्याने विचारले.

"उसाच्या मिलवर."

"मशीन कुठल्या हाताला यायचं?"

वडिलांनी डावा हात वर केला.

"किती वर्सं?"

"सगळी."

मिस्त्रींनी रेडिओ लावला, हेडफोन आधी स्वतःच्या डोक्यावर घालून पाहिला आणि मग वडिलांच्या डोक्यावर घातला, परंतु उलटा. माझ्या अक्षरातला 'डावा' उजव्या कानावर आला. माझ्या मनात प्रथम आले की, हा माझा अपमान आहे. मिस्त्रींनी रेडिओचे दुसरे बटण थोडे फिरवले, तसा आवाज बारीक आणि टोकदार झाला असावा.

"कांद्याचा भाव सांगाय लागलाय," वडील म्हणाले.

नंतर मिस्त्रींनी मला समजावले. हा रेडिओ एकाच आवाजाचा. दोन बाजूंच्या हेडफोनची पिन त्यात घातली की आवाज एकाच बाजूला येतो, डाव्या. वडिलांचा डावा कान मशीनने केव्हाच नेलेला. जाड, भरलेला आवाज ढोलकीला ठीक, बोलणे ऐकणाऱ्याला बारीक आवाज लागतो.

"म्हणजे दुकानदाराने फसवले," मी म्हणालो.

"न्हाई हो. नग चांगला हाय. त्येनं खोटं काय लिवलंय?"

मी कागद उलगडून पुन्हा वाचला. त्यात रेडिओ हा शब्दच नव्हता. वडिलांचा उल्लेख नव्हता. मसुदा माझा होता.

"हे तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही सांगितले?"

"सांगितलं की. आणा म्हणलो त्यांस्नी."

त्यांनी काही घेतले नाही. मी पुढे वर्षभर वाट पाहिली की, या उपकाराच्या बदल्यात ते कोणते काम घेऊन माझ्या टेबलावर येतात. ते आले नाहीत. तो भाग मला अजूनही पुरता पटलेला नाही.

परतताना मी वडिलांना विचारले, "इतके दिवस बोलला का नाही, आबा?"

"तू सही घेतली हुतीस न्हवं," ते म्हणाले. "ऐकाय येत न्हाई म्हणलो असतो तर कागद खोटा पडला असता. चार माणसांस्नी दाखवलावतास." आणि काही पावलांनंतर, "वेळ झाली की बसायचो."

वडील कुरुंदवाडला गेले नाहीत. हे मी आजवर माझ्या बाजूचा निकाल म्हणून सांगत आलो. परंतु त्या उत्तराने माझ्या मनात जो संशय शिरला, तो इतक्या वर्षांत गेलेला नाही. आमच्या घरातील पुष्कळ गोष्टी माझ्या अक्षरात आहेत. औषधांच्या वेळांचा तक्ता मी लिहिलेला आहे. वडिलांनी वर्षभर माझ्याकडे राहावे आणि दिवाळीत आठ दिवस बहिणीकडे जावे, हाही कागद मीच केला, सर्वांच्या सह्या घेतल्या, आणि वडिलांनी तो न वाचता सही केली. बहिणीच्या सासरी, कुरुंदवाडला, कानडी बोलतात. घरात, शेजारी, बाजारात बोलतात. हे मला कागद करताना माहीत होते आणि मी ते त्यात लिहिले नाही.

तरी वडिलांना नम्र विनंती की, सदर कागदावर त्यांनी सही केली ती बहिणीकडे राहण्याची इच्छा नव्हती म्हणून केली, की माझा कागद खोटा पडू नये म्हणून केली, याचा खुलासा करावा. उत्तर लेखी नसले तरी चालेल. कानडीत दिले तरी मला समजेल. ते माझ्याविरुद्ध गेले तर मी हरकत घेणार नाही, आणि त्यांना जेथे जायचे असेल तेथे स्वतः पोहोचवून येईन.