स्क्रीन नाही

ऑपरेटरबाईच्या यंत्राचं पहिलं बोलणं मी निदान दोनशे वेळा ऐकलं असेल. टिक, टिक, आणि मग घसा बसलेल्या माणसाच्या आवाजात: "कीबोर्ड आहे. स्पीकर आहे. स्क्रीन नाही." शेवटच्या दोन शब्दांना ती हमखास हसायची. "बघ, किती ऐटीत सांगतंय," म्हणायची.

आम्ही दोघी कॉलेजात एका बाकावर. तेव्हा तिला दिसत होतं. माझ्या वहीतली उत्तरं तर जरा जास्तच स्वच्छ दिसत होती. तिशीनंतर नजरेच्या कडा काळ्या होत गेल्या आणि अडतिसाव्या वर्षी सगळंच मिटलं. मग एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर तिने बावीस वर्षं काढली. ऑपरेटरबाई हे नाव तिथलंच. लग्न केलं नाही. भावाच्या घरात तळमजल्यावर तिची स्वतःची खोली, बाहेरून वेगळं दार, कोपऱ्यात ओटा. भाऊ-भावजय गेल्यावर बाकीच्या घरात भाचा आणि भाचेसून राहू लागले. दोन्हींच्या मधे एक दार होतं, पलीकडून कडी घातलेलं. त्याला लागून तिचं टेबल.

निवृत्त झाल्यावर तिने पत्त्यांच्या कॅटएवढा एक कॉम्प्युटर मागवला. नुसतं हिरवं कार्ड, कडेला तारा खोचायच्या खाचा. आपल्यासारख्यांना परवडेल तर हाच, असं तिचं म्हणणं. पण तो मुका होता. चालू केला की डोळसांना अक्षरं दिसतात. तिला मिनिटभर नुसती शांतता. सुरू झालाय, बिघडलाय की वीजच गेलीय, काही कळायला मार्ग नाही.

त्याच्यात बोलणारा प्रोग्रॅम चढेपर्यंत कुणीतरी स्क्रीन वाचून दाखवायला हवी होती. ती कुणीतरी मी. माझा जुना टीव्ही तिच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि पाच आठवडे वाचत बसले.

"इथे म्हणतंय, त्याला काहीतरी सापडत नाहीये," मी म्हणाले.

"अर्थ नको सांगूस. लिहिलंय ते वाच."

"अक्षर न् अक्षर?"

"स्वल्पविरामासकट. बावीस वर्षं डॉक्टरांचे निरोप जसेच्या तसे पोचवले मी. अर्थ सांगत बसले असते तर माणसं दगावली असती."

माझं डोकं उठायचं. एकदा मी चष्मा आपटून निघूनही गेले. दुसऱ्या दिवशी परत आले, कारण घरी बसून तरी काय करणार होते? शेवटी यंत्र बोललं. त्यानंतरही ती दोन महिने त्याच्या मागे लागली. सुरू होताना पायरीपायरीला टिक वाजली पाहिजे, काय काय जोडलंय ते त्याने आपण होऊन सांगितलं पाहिजे. मी टीव्ही घरी नेला त्या दिवशी यंत्र प्रथम म्हणालं, "स्क्रीन नाही." पुढे दर शनिवारी तिच्याकडे माणसं येऊ लागली. एक मालिशवाला, कॉलेजातल्या दोन मुली, एक वाद्यं जुळवणारा, सगळे अंध. प्रत्येकासाठी तिने असंच कार्ड बोलतं करून दिलं. ती खोली म्हणजे घर कमी, कारखाना जास्त.

गेल्या वर्षी त्या खोलीतल्या वस्तू जागा सोडायला लागल्या.

आधी साखरेची बरणी. मग खुर्ची, वीतभर दाराकडे. तिला वीतभर म्हणजे गुडघा फुटायला पुरेसं. मग पाण्याचा नळ, तिने बंद केलेला, वाहताना सापडला. आणि एक दिवस गॅसची शेगडी. दर वेळी भाचा नेमका दारात हजर.

"आत्या, अगं केवढा वास येतोय! बरं झालं मी आलो."

"मी बंद केला होता रे."

"असू दे. वय झालं की होतंच." आणि खिशातून वही काढून तारीख, वेळ लिहायचा. पेनाच्या टोपणाचा तो 'टक' आवाज तिला झोपेतही ऐकू यायचा.

वहीत सतरा नोंदी झाल्या. भाच्याने वृद्धांच्या एका संस्थेत तिच्यासाठी जागा पाहून ठेवली. डॉक्टर महिन्याभराने एका गुरुवारी घरी येणार, बाईंना एकटं ठेवणं धोक्याचं असं लिहून देणार, की झालं. खोली जाणार, शनिवार जाणार, आणि जिथे कपही तिच्या हाताने ठेवलेला नसेल अशा जागी ती उरलेलं आयुष्य बसून काढणार.

मी स्पष्टच सांगते, मला भाच्याचं पटलं होतं. "तिथे माणसं असतील गं सोबतीला," असं मी तिला म्हणाले.  त्याच दिवसापासून ती रोज संध्याकाळी यंत्रावर लिहून ठेवू लागली: बरणी डाव्या फळीवर. खुर्ची भिंतीला. गॅस बंद, दोनदा चाचपला. मग माझ्याबरोबर तासभर फिरायला यायची, परत आल्यावर लिहिलेलं ऐकायची आणि खोली चाचपायची. जे लिहिलेलं असे तेच नेमकं हललेलं असे.  "मी लिहिते एक आणि करते भलतंच," ती म्हणाली. "माझंच डोकं फिरलंय बहुतेक."

सोमवारी सकाळी वीज गेली. ते यंत्र तीन आठवडे अखंड चालू होतं. वीज आल्यावर ते पहिल्यापासून सुरू झालं. तिचा मला फोन आला, आवाज अगदी हळू.

"ये. इथे आल्यावर मोठ्याने काही बोलू नकोस. फक्त बघ."

मी गेले. तिने यंत्र बंद करून परत लावलं. टिक, टिक. "कीबोर्ड आहे. स्पीकर आहे. स्क्रीन आहे."

टेबलावर स्क्रीन नव्हती. खोलीतच नव्हती. मी गुडघे टेकून टेबलाखाली शिरले. कार्डाच्या मागून एक काळी तार निघाली होती. टेबलाच्या पायाला चिकटपट्टीने नीट बांधलेली, तिच्या पावलांना लागू नये म्हणून भिंतीच्या कडेकडेने नेलेली, आणि मधल्या दाराखालच्या फटीतून पलीकडे गेलेली. दारापलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवली. मी तशीच ओणवी राहिले. माझ्या अंगावर काटा आला तो तारेमुळे नाही, त्या नीटनेटक्या चिकटपट्ट्यांमुळे. कुणीतरी वेळ काढून हे केलं होतं.

मी तार उपटायला गेले, तर तिने माझा खांदा दाबला. कानाशी येऊन म्हणाली, "थांब. आधी माझं डोकं ठीक आहे का ते बघू."

संध्याकाळी तिने सहा वस्तू लावल्या. तीन यंत्रावर लिहिल्या: बरणी, खुर्ची, शेगडी. तीन फक्त मला सांगितल्या: कात्री, रेडिओ, चपला. आम्ही नेहमीसारख्या दार ओढून फिरायला गेलो. तासभर फिरलो. परत आलो तर बरणी उजवीकडे, खुर्ची मधोमध, शेगडी सुरू. कात्री, रेडिओ, चपला जिथल्या तिथे.

शेगडी मी बंद केली. ती खाटेवर बसली. "म्हणजे मी वेडी नाही," म्हणाली. मग म्हणाली, "वेडी असते तर बरं झालं असतं गं. हा लहान असताना माझं बोट धरून चालायचा."

गुरुवारी डॉक्टर आल्या. भाच्याने वही वाचली, अगदी कळवळून. भाचेसून तेवढ्यात "पाणी आणते" म्हणून बाहेरून आपल्या घरात गेली. ऑपरेटरबाईने सगळं ऐकून घेतलं.

"डॉक्टर, माझी एकच तक्रार," ती म्हणाली. "माझं यंत्र खोटं बोलायला लागलंय. जरा ऐकता?"

टिक, टिक. "स्क्रीन आहे."

"मला ती काही सापडत नाही. तुम्हाला डोळे आहेत, शोधून द्या."

"आत्या, हे काय आता..." भाचा म्हणाला. त्याच्या पेनाचं टोपण खाली पडलं, ते त्याने उचललं नाही.

डॉक्टर वाकल्या. तारेवरून त्यांची नजर मधल्या दाराशी गेली. "हे उघडा," त्या म्हणाल्या. भाचा हलला नाही. त्यांनी दारावर टकटक केलं, तेव्हा पलीकडून बऱ्याच वेळाने कडी निघाली. दारात भाचेसून उभी होती, हातात पाणी नव्हतं. तिच्यामागे टीव्हीवर भल्या मोठ्या अक्षरांत: कीबोर्ड आहे. स्पीकर आहे. स्क्रीन आहे.

मी डॉक्टरांना सोमवारची सहा वस्तूंची गोष्ट सांगितली. त्यांनी कागदावर लिहून दिलं, बाई एकट्या राहायला पूर्ण सक्षम आहेत. सही ठोकली आणि पाणी न पिता गेल्या.

खोली राहिली. शनिवारी मालिशवाला आला, मुली आल्या. बाहेरच्या दाराचं कुलूप बदललं, मधल्या दाराला अलीकडून बोल्ट बसवला. भाचा आता तिच्याशी बोलत नाही. भांडत नाही, माफीही मागत नाही. फक्त रोज सकाळी त्याची पावलं त्या दाराशी येतात, थोडा वेळ थांबतात आणि परत जातात. किती वेळ, ते ती मोजते. पहिल्या आठवड्यात दहापर्यंत मोजून व्हायचं. परवा चाळीस.

"माझ्याकडे ये राहायला," मी म्हटलं. विनवलं, चिडले.

"तुझ्या घरातल्या खुर्च्या कुठे आहेत ते मला माहीत नाही," ती म्हणाली.

काल मी गेले तेव्हा तिने यंत्र लावलं. "स्क्रीन नाही," ते म्हणालं. ती हसली नाही. टेबलामागे हात घालून तिने भिंतीची कड चाचपली, फरशी चाचपली, मग दाराखालची फट, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि परत एकदा.