दोरिन सर आणि रिव्हर्स गिअर

"नो रिव्हर्स!" दोरिन सर बसच्या दारात दोन्ही हात आडवे लावून उभे होते. "नो रिव्हर्स, मॅडम सुनंदा! नेव्हर!"

समोर कांद्याने गच्च भरलेली ट्रॉली. तिचं चाक निखळलेलं आणि ती भर गल्लीत आडवी बसलेली. मागचा रस्ता मात्र मोकळा होता. ड्रायव्हर रज्जाकभाईने बस जरा मागे घेतली असती, तर दुसऱ्या रस्त्याने आम्ही नामपूरच्या कॉलेजच्या ग्राउंडवर आरामात पोचलो असतो. पण सरांनी दार अडवलेलं. आणि मॅच पाऊण तासावर आलेली.

मी नाशिकच्या एका फुटबॉल क्लबची टीम मॅनेजर आहे. लोकांना वाटतं मी टीम चालवते. छे हो! कोण खेळणार, कसं खेळणार, हे हेड कोच ठरवतो. परदेशात त्यालाच मॅनेजर म्हणतात. टीम मॅनेजरने बघायचं ते बस, केळी, बर्फ आणि जर्सीची धुलाई. थोडक्यात, मी म्हणजे लग्नघरातली आत्या. सगळं तिने निस्तरायचं आणि फोटोत कडेला उभं राहायचं.

आमचे हेड कोच दोरिन सर मूळचे रोमानियाचे. एके काळचे लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचाव सांभाळणारा खेळाडू. गुडघा गेला, मग कोच झाले. त्यांचा बायोडेटा वाचताना एसटी स्टँडवरचा बोर्ड वाचल्यासारखं वाटतं. रोमानियातली चार-पाच गावं, मग सायप्रस, मग आखातातले दोन देश, मग कोलकाता आणि शेवटी गंगापूर रोड, नाशिक. बहुतेक ठिकाणांहून त्यांना काढूनच टाकलेलं. हे ते स्वतःच हसत सांगायचे. त्यांच्या धंद्यात त्याचं कुणाला काही वाटत नाही म्हणे. पण त्यांच्या फ्लॅटवर गेलं की दाराआड मोठी सूटकेस उभी दिसायची, कधीच पूर्ण न उघडलेली. ती बघून मला वाईट वाटायचं.

क्लबचे मालक बाळासाहेब द्राक्षांचे निर्यातदार. माणूस दिलदार, पण पिकाइतकाच रिझल्टचा भुकेला. आम्ही लागोपाठ तीन मॅच हरलो तेव्हा त्यांनी मला ऑफिसात बोलावलं.

"ताई, शनिवारी नामपूरला हरलो, तर सरांचं तिकीट बघून ठेवा."

"कुठलं तिकीट?"

"आता काय सुरगाण्याचं बघणार का? त्यांच्या घरचं बघा!"

मी मान डोलावली, पण तिकीट काही बघितलं नाही. मला हा माणूस आवडायचा. सुरगाण्याच्या आमच्या लाजऱ्या काळूला त्यांनी विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेने, बिनधास्त पळायला शिकवलं होतं. पोरं चुकली तर ते ओरडायचे, पण हरली तर एक शब्द बोलायचे नाहीत. उलट स्वतः पोहे वाढायचे.

आता रिव्हर्सचं प्रकरण सांगते. रोमानियात म्हणे फुटबॉलवाल्यांची ही पक्की समजूत आहे. मॅचला निघालेली बस मागे गेली, की टीमचं नशीबही मागे गेलं. तिकडचे ड्रायव्हर लांबचा वळसा घेतील, पण गाडी मागे घेणार नाहीत. सरांनी पहिल्याच दिवशी हा नियम सांगितला तेव्हा मला हसू फुटलं. मग समोर बघितलं, तर बसच्या नाकावर बाळासाहेबांनी बांधायला लावलेली लिंबू-मिरची डोलत होती. मी हसू गिळलं.

तर त्या गल्लीत आम्ही घुसलोच का? त्याचं श्रेय माझं. अमावस्येला नामपूरच्या कांदा मार्केटचे लिलाव बंद असतात, हे मला माहीत होतं. कॅलेंडरवर शनिवारच्या चौकोनात अमावस्या दिसली आणि मी खूश झाले. मार्केट बंद, म्हणजे मार्केटवरून जाणारा जवळचा रस्ता रिकामा. पण बारीक अक्षरातली वेळ मी वाचलीच नाही; अमावस्या लागणार होती दुपारी. मार्केट सुट्टी धरतं ती सूर्योदयाला असलेल्या तिथीची, म्हणजे रविवारची. उद्या लिलाव नाहीत म्हटल्यावर अख्ख्या बागलाण तालुक्यातला कांदा शनिवारीच नामपुरात येऊन धडकलेला.

"मॅडम, काय करायचं बोला," रज्जाकभाई स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाला. "दोन मिनिटाचं काम हाय. सरांना म्हणावं डोळे मिटा."

"तूच सांग की."

"मी कशाला? मला नोकरी करायचीय."

मी रेफ्रीला फोन लावला. तो म्हणाला, "जास्तीत जास्त अर्धा तास थांबेन, मॅडम. मग वॉकओव्हर." वॉकओव्हर म्हणजे न खेळताच हार. म्हणजे सरांचं तिकीट.

मी सरांना इंग्रजीत समजावलं. माझं इंग्रजी शाळेतल्या पी.टी. टीचरचं, पण तळमळ खरी होती. "सर, नाही पोचलो तर तुमची नोकरी जाईल."

"रिव्हर्स घेतलं तरी जाईल," सर शांतपणे म्हणाले. "मग चालत जाऊन घालवतो." असं म्हणून त्यांनी बॉलची जाळी खांद्याला मारली आणि बसमधून उडी टाकली. "चला चला!"

मराठीतले एवढेच दोन शब्द त्यांना येत. पण म्हणायचे ते असे, की मेलेला माणूसही उठून पळावा. अठरा पोरं बॅगा घेऊन धडाधड उतरली. मीही उतरले, केळ्यांची क्रेट कमरेवर घेऊन. आडव्या ट्रॉलीवरून पलीकडे जाणं हा एकच मार्ग होता. सर सगळ्यांत आधी चढले. पांढरी ट्रॅक पँट, दुखरा गुडघा आणि पायाखालून घसरणारे कांदे. मध्येच ते धप्पकन बसले.

आता नामपूरच्या मार्केटात कांद्याच्या ढिगावर बसलेला गोरा माणूस लोकांना रोज कुठे दिसणार? बघता बघता गर्दी जमली.

"निर्यातवाला दिसतोय," कुणीतरी म्हणालं.

"ओ साहेब! काय भाव काढता?"

"आधी विचारा, तिकडं कांदा घेणार हायेत का नाय!"

सरांनी हात वर केला. "चला चला!" गर्दीने टाळ्याच वाजवल्या. एका आजोबांनी तर मूठभर कांदे त्यांच्या हातात देऊन माल दाखवला. सरांनी वास घेतला आणि अंगठा दाखवला. मी आजोबांच्या हातापाया पडून सरांना सोडवलं. नाहीतर तिथंच सौदा झाला असता.

पलीकडे माल विकून निघालेला एक शेतकरी रिकाम्या ट्रॉलीसकट ट्रॅक्टर वळवत होता. आमची वरात बघून तो थांबला आणि अहिराणीत म्हणाला,

"कोठे जानं शे, ताई?"

"कॉलेजच्या ग्राउंडवर, दादा. मॅच आहे. उशीर झालाय हो!"

"मंग बठा ना वर! मी तिकडेच जाई ऱ्हायनू."

त्या ट्रॉलीत बूड टेकवायला जागा नव्हती आणि धरायला कठडा सोडून काही नव्हतं. सर पुढच्या कठड्याला धरून उभे राहिले. ट्रॅक्टर ग्राउंडच्या फाटकातून आत शिरला तेव्हा नामपूरची टीम वॉर्मअप सोडून बघतच बसली. रेफ्रीने घड्याळाकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि वॉकओव्हर द्यायला काढलेली शिट्टी खिशात ठेवली. पोरांनी कांद्याच्या पापुद्र्यांसकट बूट चढवले.

मॅचचं फार वर्णन करत नाही. आम्ही काही फार भारी खेळलो नाही. नामपूरवाले आमच्यापेक्षा उंच होते, चपळ होते, आणि प्रेक्षक सगळे त्यांचे. पण आमची पोरं ट्रॉलीत इतकी हसली होती, की मागच्या तीन हारींची धास्ती कुठेतरी गळून पडली होती. शेवटची काही मिनिटं उरली असताना काळू कडेने सुसाट सुटला. त्याने बॉल गोलसमोर टाकला, आमच्या स्ट्रायकरने डोकं लावलं. गोल! एक-शून्य! मी केळ्यांची क्रेट फेकून नाचले. वय बघा माझं! सर मात्र हलले नाहीत. शेवटची शिट्टी होईपर्यंत ते हाताची घडी घालून उभे राहिले, आणि मग खाली बसून त्यांनी तोंड झाकून घेतलं.

बाळासाहेबांचा फोन आलाच. "ताई, मी म्हणत होतो ना, सर आपले देवमाणूस आहेत!"

"कधी म्हणत होतात?"

"ते राहू द्या. तिकीट-बिकीट काही बघू नका. आणि ऐका, पुढच्या मॅचला पण ट्रॅक्टरच लावा."

आम्ही फाटकाबाहेर आलो, तर बस उभी. नाशिकच्या दिशेला तोंड करून. ती गल्लीतून निघालीच कशी, हे शेंबडं पोरही सांगेल.

सर बसला एक चक्कर मारून मागे गेले. खाली वाकले. मागच्या बंपरच्या फटीत एक कांदा चेंगरून अडकला होता. त्यांनी तो ओढून काढला.

"रज्जाक. बस कशी काढली?"

"ट्रॉली हटली, सर. सरळ पुढनं काढली," रज्जाकभाई आभाळाकडे बघत म्हणाला. मी भाषांतर करताना जमिनीकडे बघत होते.

सर हसायला लागले. "गुड ड्रायव्हर," ते म्हणाले. "आमच्याकडचे ड्रायव्हरही असंच सांगायचे."

परतीच्या रस्त्यात ते माझ्या शेजारच्या सीटवर आले. तो चेंगरलेला कांदा अजून हातातच होता आणि ते सांगू लागले. तरुणपणी एका मोठ्या मॅचला जाताना त्यांची बस मागे गेली होती. त्या मॅचमध्ये पेनल्टी मारायची वेळ आली आणि त्यांनी बॉल गोलच्या वरून घालवला. पेनल्टी म्हणजे गोलकीपरसमोर एकट्याने मारायची किक. चुकली तर दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

"त्या रात्री सगळे म्हणाले, बसमुळे झालं," सर म्हणाले. "मीही म्हणालो. बरं वाटलं. मला माहीत आहे, मॅडम, बस पेनल्टी मारत नाही. पण हरल्यावर पोरांना सांगायला काहीतरी हवं, की तुमचं चुकलं नाही. म्हणून नियम ठेवलाय. तुम्ही तो मोडा. फक्त मला दाखवू नका."

मला एकदम भरून आलं. मी क्रेटमधलं एक केळं काढून त्यांना दिलं.

आता दर बाहेरगावच्या मॅचला ठरलेलं आहे. अवघड जागा आली की सर उतरतात आणि पाय मोकळे करायला पुढे चालू लागतात. रज्जाकभाई गुपचूप रिव्हर्स टाकतो, मी हात दाखवून मागे घे, मागे घे करते, आणि पोरं मोठ्याने गाणी म्हणतात, म्हणजे सरांना रिव्हर्सचा हॉर्न ऐकू जाऊ नये. नोकरीत मी एवढंच शिकले. साहेबाचा नियम पाळायचा असतो साहेबासमोर आणि गाडी काढायची असते त्याच्या पाठीमागे. गाडी निघेपर्यंत साहेबही मागे वळून बघत नाहीत. आमचे तर मुद्दाम बघत नाहीत.