आमच्या क्लबचा मॅनेजर बदलला

हे कुणाला सांगायचं न्हाई असं मी ठरवलं होतं. पण आज चहा झकास झालाय आणि तुम्हीबी घरचेच, तर ऐका. हसायचं ते नंतर हसा.

मी जालन्याच्या एमआयडीसीत बियाणं कंपनीत आहे. पॅकिंगला. आणि मला एक रोग आहे, फुटबॉलचा. सगळी दुनिया क्रिकेट बघते, मी विलायतेतल्या एका क्लबच्या मागं लागलोय. क्लबचं नाव विचारू नका, तुमच्यातला एखादा समोरच्या पार्टीचा निघाला तर चहा कडू होईल.

तर फुटबॉलमध्ये कोचला मॅनेजर म्हणतात, एवढं ध्यानात ठेवा. सगळी बोंब तिथंच झाली.

त्या आठवड्यात मी दोन दिवस सुट्टी टाकून वाटूरला चुलतभावाच्या लग्नाला गेल्तो. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या पंगतीत मोबाईल उघडला तर बातमी. आमच्या मॅनेजरला काढलं. देवासारखा माणूस. आणि त्याच्या जागी आणला कोण, तर जिथं गेला तिथं टीम बुडवून आलेला एक मनुष्य. माझ्या घशाखाली बुंदी उतरंना.

तिकडं विलायतेत लोक नुसते पेटले होते. त्याच रात्रीच्या मॅचला दंडाला काळ्या पट्ट्या बांधून आले, आणि मॅच चालू असताना मधूनच उठून सगळे बाहेर. मी म्हटलं, आपण जालन्यात राहतो म्हणून काय झालं, निष्ठा ती निष्ठा.

लग्नाहून परतलो आणि सकाळी ड्युटीवर निघताना बायकोच्या परकराची काळी नाडी काढली आणि दंडाला बांधली. बायको दारात आली.

"कोण गेलं?"

"मॅनेजर."

"अगं बाई. कधी?"

"काल."

"काय झाल्तं त्यांना?"

"लागोपाठ हरत होते."

मी गाडीला किक मारली.

आता मला ठाऊक नव्हतं ती गोष्ट तुम्हाला सांगतो. मी लग्नात बुंदी खात होतो, त्याच दोन दिवसांत आमच्या कंपनीचे मॅनेजर बोराडे साहेब बदलून गेल्ते. लई भला माणूस. कुणाच्या घरी दुखणं असलं तर स्वतः गाडी काढायचे. आणि त्यांच्या जागी निकम साहेब म्हणून एक तरणाबांड मनुष्य आल्ता, इस्त्रीचा शर्ट, हातात कायम पाण्याची बाटली.

कंपनीत शिरलो तर प्रल्हादमामा भेटले. मामा आमच्या पॅकिंगमधले सगळ्यात जुने. त्यांनी दंडाकडं बघितलं.

"हे काहून बांधलंय रे?"

"मामा, मॅनेजर बदलला. आणि आपण गप बसायचं का?"

मामांचे डोळे भरून आले. मला वाटलं, बघा, फुटबॉल कुठल्या कुठं पोचला.

"करायचं काय मंग?" मामांनी विचारलं.

"तिकडं लोकांनी केलं तेच. काळ्या पट्ट्या बांधायच्या, आणि चालू कामातून उठून बाहेर. बोलायचं न्हाई, भांडायचं न्हाई. नुसतं उठायचं."

"आणि जुने परत येतील?"

"लोकांचा जोर असला तर का न्हाई येणार?"

एवढं बोलून मी गोदामात गेलो आणि कानात वायर घालून त्याच विषयावरच्या चर्चा ऐकत पोती मोजत बसलो. बाहेर काय चालू आहे, बिलकुल पत्ता न्हाई.

जरा वेळानं बाहेर येतो तर मशिनी बंद. सगळा प्लांट गेटवर बसलेला. आणि प्रत्येकाच्या दंडाला काळी चिंधी. एकानं तर मोजा बांधला होता. मला बघून लोक उठून उभे राह्यले. माझा ऊर असा भरून आला म्हणता, मला वाटलं आता आपल्या क्लबची शाखाच काढावी.

तेवढ्यात शिपाई आला. "निकम साहेबांनी बोलावलंय. तुम्हालाच."

आत गेलो. इस्त्रीच्या शर्टातला हा मनुष्य कोण, मला काय माहीत. वाटलं हेड ऑफिसचा कुणी असंल. त्यांनी खुर्ची दिली.

"हे सगळं तुमच्या सांगण्यावरून चाललंय म्हणे."

"साहेब, मी फक्त सुरुवात केली. लोकांच्या मनात होतंच."

"जुन्या मॅनेजरमध्ये असं काय होतं?"

साहेबांनाबी आवड आहे म्हटल्यावर मी खुर्ची पुढं सरकवली. "हल्ला, साहेब. त्यांचं एकच धोरण होतं. हल्ला."

साहेबांनी बाटली उघडली. "कुणावर?"

"समोर येईल त्याच्यावर. पहिल्या मिनिटापासून. पोरं नुसती चवताळून जायची."

"आणि... नव्या मॅनेजरबद्दल तुमचं मत?"

"तो टिकत न्हाई साहेब. लोक ठेवणारच न्हाईत. मागं एक असाच आणला होता, त्याच्या गाडीवर रोज अंडी पडायची. शेवटी बिचारा मागच्या दारानं पळाला."

"तुम्हाला त्याची... नव्याची बरीच माहिती दिसते."

"मोबाईलवर सगळं मिळतं ना साहेब. घर कुठं आहे, पोरं कोणत्या शाळेत जातात, सगळं."

साहेबांच्या हातातून बाटलीचं झाकण पडलं. ते शोधायलाबी वाकले न्हाईत. म्हणाले, "तुम्ही बाहेर बसा. मी आत्ता वर फोन करतो. मला इथं राहायचंच नाही."

आता हा मनुष्य काहून जातो म्हणतो, मला काही उमगंना. बाहेर आलो तर लोकांनी मला खांद्यावर घेतलं आणि वर उचलल्यावर पहिल्यांदा घोषणा नीट ऐकू आली. "बोराडे साहेब परत आणा."

मी वरूनच वाकून मामांच्या कानाशी म्हटलं, "मामा, मी फुटबॉलचं बोलत होतो."

मामांनी मला डोळा मारला. "बराबर. कुणी विचारलं तर हेच सांगायचं."

चार दिवसांनी बोराडे साहेब परत आले. गेटवर ताशा, गुलाल, पेढे. साहेबांच्या गळ्यात एवढे हार की नुसता चष्मा दिसत होता. त्यांनी सगळ्यांना हात जोडले आणि मला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, आता पाठीवर थाप पडणार.

साहेब हार काढून बसले. मंग म्हणाले, "संदीप, ही बदली मी मागून घेतली होती."

"काय?"

"सहा वर्षं मागे लागलो होतो. म्हातारी आई गावाकडं, मुलगी दहावीला. घरी पोहोचून टेम्पोतून कपाट उतरवत होतो, तर फोन आला. म्हणे, कामगारांचं तुमच्यावर इतकं प्रेम आहे, प्लांट बंद पडलाय, आता तुम्हाला हलवता येणार नाही. रिटायर होईपर्यंत."

मी खाली बघितलं. मंग सगळं सांगून टाकलं. विलायत, क्लब, परकराची नाडी, सगळं. साहेब ऐकत राह्यले. शेवटी त्यांनी मोबाईल काढला, नंबर लावला आणि माझ्या हातात दिला.

"हे माझ्या बायकोला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर तिला वाटेल मी दारू प्यायलोय."

मी फोन कानाला लावला. "वहिनी, नमस्कार. त्याचं असं झालं, आमचा एक फुटबॉलचा क्लब आहे." आणि पहिल्यापासून सांगितलं.

माझं संपल्यावर वहिनींनी एकच विचारलं.

"मग तुमचा तो क्लब, नवीन मॅनेजर आल्यावर जिंकला का हो?"

"न्हाई वहिनी. पहिल्याच मॅचला चार-शून्यनं हरला."

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या, आणि फोन ठेवून दिला.