दहा मीटरवरचं गाव

दा बासूने मशिदीसमोर सगळ्यांदेखत शपथ घेतली होती, "तूदाचं तोंड पुन्हा बघणार नाही." शिशाच्या खाणीतल्या सुरुंगाने त्याचे दोन्ही डोळे आधीच नेले होते. आम्ही खाली मान घालून हसलो, तसा तो खवळला. "हसा लेकांनो! शपथ ती शपथ."

तूदा म्हणजे त्याची एकुलती एक पोर. तिचा गुन्हा एवढाच, की तिने राजधानीत जाऊन टीव्हीवर आमच्या अमाझिग बोलीत हवामान सांगायची नोकरी धरली. पोरीने देशभराला तोंड दाखवायचं म्हणजे काय, हा बापाचा मुद्दा. त्या दिवसापासून तो तिचा फोन घेईना. बायको इझ्झा त्याच्या चोरून माझ्या चहाच्या दुकानातून लेकीशी बोलायची. पण संध्याकाळच्या बातम्या लागायची वेळ झाली की बासूच ओरडायचा, "अगं, लाव ते डबडं! उद्या वारा आहे का कळायला नको?"

हलफा गवताचे दोर वळून जगणारा माणूस. ना शेत, ना मेंढ्या. त्याला वाऱ्याचं काय घेणं? मी एकदा छेडलंच. तो म्हणाला, "हद्दू, तोंड बघणार नाही म्हणालो. आवाज ऐकणार नाही असं कुठं म्हणालो?"

आमच्या गावात डोंगराआडून चित्र कधी धड आलंच नाही. पडद्यावर नुसत्या मुंग्या. इझ्झा त्या मुंग्यांत लेकीचा चेहरा शोधायची. आवाज मात्र खरखरत का होईना, पोचायचा. आंधळ्याला तेवढा पुरे होता.

मग सरकारने जुनं प्रसारण बंद करून डिजिटल आणलं. या नव्या तऱ्हेला अर्धंमुर्धं ठाऊकच नाही. लहरी पुरेशा आल्या तर चित्र लख्ख. जरा कमी पडल्या की चित्रही नाही आणि आवाजही नाही. आमच्याकडे कमी पडल्या. उपग्रहाची तबकडी लावली तर सगळ्या जगाचे तमाशे दिसतात, पण आमच्या बोलीतल्या बातम्या फक्त जमिनीवरच्या मनोऱ्यावरून येतात. म्हणजे सगळं जग घरात आणि आम्ही तेवढे बाहेर. याला सुधारणा म्हणतात.

बासूने कचेरीत जाऊन इतका आरडाओरडा केला, की अखेर एक गाडी आली. तिच्यातून सी बनजलून नावाचे प्रसारणाची आखणी करणारे इंजिनियर उतरले. त्यांनी गाडीवरची नळी उंच चढवली, टोकाला अँटेना होती. खाली यंत्रात बघून ते खूश झाले. "उत्तम चित्र आहे! तुमच्या गावाला तघ्तिया आहे."

तघ्तिया म्हणजे प्रसारणाची व्याप्ती. पण आमच्या कानाला तो पांघरुणाचाच शब्द. इझ्झा म्हणाली, "पांघरुणं माझ्या घरात ढीगभर आहेत रे बाबा. पोर दाखव."

"नळी किती वर गेलीय?" बासूने विचारलं.

"दहा मीटर. मानकच आहे ते. छपरावरची अँटेना दहा मीटरवर आहे असं धरूनच आखणी होते."

"आमच्यात दहा मीटरवर कोण राहतं?"

इंजिनियर यंत्र आवरू लागले.

"मी सांगतो. मिनारावरचा करकोचा राहतो. त्याच्याकडे टीव्ही आहे का विचारून या!"

"मग छपरावर खांब उभारा."

"मातीच्या छपरावर? बर्फ ढकलायला माणूस चढला तर तुळया कण्हतात!"

"ते माझ्या हातात नाही, दा बासू. प्रसारणाच्या नकाशात तुमचं गाव हिरवं आहे." माणूस वाईट नव्हता, चहाही आदबीने प्यायला. म्हणूनच मला जास्त संताप आला. वाईट माणसाला निदान शिव्या तरी घालता येतात.

गाडी गेल्यावर गावाची जमात, म्हणजे पंचायत, बसली. मी म्हटलं, अँटेना मिनारावर बांधू. पण मिनाराच्या टोकावर करकोच्याचं घरटं. ते हलवलं तर गावाची बरकत जाते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. तरी सगळे बासूकडे बघत बसले. त्याने हो म्हटलं असतं तर त्या दिवशी कुणी आडवं आलं नसतं.

"घरट्याला हात लावायचा नाही," तो म्हणाला आणि काठी आपटत उठला.

तसाच तो माझ्या दुकानात आला. "तुझा मोबाइल काढ. फोनवाल्यांचा मनोरा बरा डोंगर चढला! तिथं पैका आहे ना."

"कुणाला लावू?"

"हवामानवाल्यांना."

मी नंबर लावून फोन त्याच्या कानाला धरला. पलीकडून तूदा घाबरून विचारत होती, "हद्दूकाका? बा बरा आहे ना?"

"उद्याचं हवामान सांग!" बासू गरजला. "तुमच्या त्या डबड्यातून इकडे काही येत नाही!"

मग तिने बातम्यांतल्या आवाजात सुरू केलं, "डोंगराळ भागात आकाश निरभ्र राहील. रात्री थंडी..."

"थांबलीस कशाला? वाऱ्याचं राहिलं."

"वारा नाही, बा."

"मग घाटात गाडी चालेल." तो अजून रागातच होता, फोन धरलेला माझा हात त्याने घट्ट आवळला होता. "ये उद्या. तुझ्या आईला तुझं तोंड बघायचंय. माझी शपथ माझ्यापुरती आहे."